अधांतरी मासा

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला आलं की डोळे आपोआप डोंगराकडे वळतात. टी-पॉइंटवर गाडी लावायची, एसटीच्या बसने चार किलोमीटर आत जायचं, लेणी पाहायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं, हा इथल्या प्रवाशाचा ठरलेला क्रम. ज्या पाण्याने लेण्यांचा तो घोड्याच्या नालासारखा कडा कापून काढला, त्या वाघूर नदीकडे पुलावरून जाता जाता नजर गेली तर गेली. पावसाळ्यात ती सातकुंड धबधब्यावरून धडाडत येते, दिवाळीनंतर बारीक होते आणि उन्हाळा लागला की डोहाडोहांत विभागून पडते. मला या प्रवासाची सुरुवात लेण्यांपासून नाही, या नदीपासून करायची आहे. फर्दापूरहून वाकोद, पहूर, नेरी असा जळगावचा रस्ता धरला की नदीही उत्तरेला तापीच्या भेटीला निघालेली असते, आणि तापी गाठण्याआधी वाघूर धरणात तिचं रूपच पालटतं. उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडता येणारी नदी तिथे नजर पुरणार नाही एवढी पसरते. एवढ्याशा प्रवासात मासा शोधण्याचा प्रश्न मुळापासून बदलतो. आपली शोधण्याची रीत मात्र बदललेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

फर्दापुराजवळच्या पात्रात चैत्रात उभं राहिलं तर नदीला मध्य नावाची जागाच नसते. पाहावं तिकडे काठ, आणि काठाखाली लगेच तळ. मरळ गवताच्या आडोशाला, वाम कपारीत, खेकडा दगडाखाली, बारीक मासळी झाडांच्या पाण्यात उतरलेल्या मुळांत. इथला प्रत्येक जीव कशाला तरी लागून असतो. त्यामुळे डोह कुठे, खडक कुठे, उंबराची सावली कुठे, हे मासेमारीचं आपलं सगळं शहाणपण नदीत घडलेलं आहे, आणि नदीपुरतं ते अचूक आहे. भाषेनेही त्याच शहाणपणाला साथ दिली. काठ गाठणं, तळ लागणं, तडीला जाणं हे सगळे आपल्याकडे चांगल्या अर्थाचे शब्द. मध्येच राहणाऱ्याला मात्र आपण अधांतरी म्हणतो, त्रिशंकू म्हणतो, धड ना इकडचा धड ना तिकडचा म्हणतो. धरणाच्या पाण्यात काठापासून दूर आणि तळापासून वर, कशाचाही आधार न घेता उभा असलेला मासा आपल्याला म्हणूनच वाट चुकलेला वाटतो. माझा मुद्दा नेमका उलटा आहे. मोठ्या धरणातल्या कितीतरी माशांची तीच हक्काची जागा असते. त्यांना शोधायचं तर काठापासून किती लांब हे विचारण्याआधी पाण्याच्या पृष्ठभागापासून किती खाली, हे विचारायला हवं.

हिशेब करून पाहू. त्यासाठी फर्दापूरच्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं जायकवाडी धरण घेतो, कारण त्याचे आकडे मराठवाड्यात घरोघरी माहीत आहेत. फर्दापूरहून घाट चढून सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे पैठण, अशी साधारण दीडशे किलोमीटरची ही वाट. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं हे धरण जवळजवळ दहा किलोमीटर लांब आहे. त्याचा जलाशय, म्हणजे नाथसागर, भरला की सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो आणि त्यात 2,909 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. भागाकार केला की सरासरी खोली आठ मीटरांच्या थोडी वर येते. आता काठ. त्याची लांबी, नुसती कल्पना म्हणून, 300 किलोमीटर धरू, आणि काठावरून फेकलेला गळ 50 मीटर जातो असंही धरू. हे माप सढळ हाताचं आहे. तरीही गळाच्या टप्प्यात येणारं पाणी 15 चौरस किलोमीटर, म्हणजे शंभरातले चार-पाच भाग. काठाजवळ पाणी उथळ असतं. तिथली खोली मीटरभर धरली तर आकारमानाने हा वाटा एक टक्क्याच्याही आत येतो. वर्षानुवर्षं आपण गळ टाकतो तो या एका टक्क्यात, आणि धरणात मासा राहिला नाही असा निष्कर्ष काढतो तो उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांबद्दल.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो वजनदार आहे. मासे पाण्यात सारखे वाटलेले नसतात. अन्न काठाला असतं. शेवाळ, गवत, किडे, शिंपले, बेडकांची पिल्लं सगळं काठालाच, म्हणून मासाही काठालाच. नैसर्गिक सरोवराबद्दल हे बरंचसं खरं आहे. पण सिंचनाच्या धरणाला खरा काठ असतो का? नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1,522 फूट. तिथून मृतसाठ्यापर्यंत पाणी उतरतं तेव्हा पातळी आठेक मीटर खाली गेलेली असते. गोदावरीच्या खोऱ्यातली जमीन इतकी सपाट की आठ मीटर उभ्या उतारासाठी काठ काही ठिकाणी किलोमीटरच्या हिशेबाने आत सरकतो. मोकळ्या झालेल्या जमिनीत शेतकरी पिकं घेतात. गाळपेर हा शब्द त्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कार्तिकात जिथे पाण्याचा काठ होता तिथे फाल्गुनात हरभऱ्याची काढणी झालेली असते. असा काठ दर आठवड्याला जागा बदलतो. त्याच्यावर पाणवनस्पती मूळ धरणार कधी, तिच्यावर किडे वाढणार कधी आणि त्या किड्यांना खाणारा मासा तिथे बिऱ्हाड मांडणार कधी? सरोवराच्या काठाची श्रीमंती आपण धरणाच्या काठावर गृहीत धरली, आणि चूक इथून सुरू झाली. काठावर मासा येतो. पण तो बहुधा येऊन जाणारा असतो, राहणारा नव्हे.

मग राहणारा मासा खातो काय? पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात घेऊन उन्हाकडे धरलं तर त्यात हलणारे पांढुरके कण दिसतात. ते प्लवक. सूर्यप्रकाश जिथवर पोचतो तिथवर सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्याच्यावर हे सूक्ष्म प्राणी जगतात, आणि त्यांना काठ लागत नाही, तळ लागत नाही. लागतो तो फक्त उजेड आणि वेळ. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात पुराचं पाणी गढूळ असतं, उजेड फार खाली जात नाही, म्हणून हे अन्न वरच्या काही मीटरांतच दाटलेलं असतं. कटल्याचं तोंड एकदा नीट पाहावं. डोकं शरीराच्या मानाने थोराड, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं, आणि कल्ल्यांच्या आत बारीक कंगव्यासारख्या काड्यांची दाट रांग. तळातला चिखल उकरायला हे तोंड घडलेलंच नाही. पाणी आत घ्यायचं आणि गाळून सोडायचं, यासाठी ते आहे. रोहूचं तोंड समोर नि किंचित खाली, ओठांना झालर. तो मधल्या पाण्यात चरतो. मृगळ तळाला. शेततळ्यात हे तिन्ही मासे एकत्र सोडतात ते याच कारणाने, तिघांचे मजले वेगळे म्हणून. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन प्रमुख देशी कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं, पुढे बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, देशभर मिळू लागली, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो. वीस गुंठ्यांच्या तळ्यात मासा मजल्यांनी राहतो हे जो शेतकरी पक्कं जाणतो, तोच धरणावर गेला की काठ शोधतो, ही विसंगती मला फार खटकते.

अधांतरी राहणं माशाला जड जात असेल, ही समजूतही तपासून पाहायला हवी. माणूस पाण्यात हातपाय न मारता एका खोलीवर राहू शकत नाही, म्हणून आपल्याला तसं वाटतं. माशाच्या पोटात वाताशय असतो, हवेची पिशवी. तिच्यामुळे शरीराचं वजन आणि पाण्याचा रेटा यांचा तोल एका ठराविक खोलीवर बरोबर साधतो आणि त्या खोलीवर मासा जवळजवळ फुकट उभा राहतो. तिथून हलणं मात्र फुकट नाही. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागावरच्या जवळपास दुप्पट होतो आणि पिशवीतली हवा निम्म्या जागेत दबते. मासा जड होतो. वर आला की उलट होतं. कार्प कुळातल्या माशांची ही पिशवी नळीने अन्नमार्गाला जोडलेली असते, हवा सोडून त्यांना थोडं लवकर जुळवून घेता येतं. बास या अमेरिकी माशासारख्या काही माशांत अशी नळी नसते. त्यांना रक्तातून वायू घेत-सोडत सावकाश जुळवावं लागतं, आणि खोलातून झटकन वर ओढलं तर पोट फुगून ते उलटे होतात. म्हणजे एखाद्या खोलीवर स्थिर असलेला मासा भरकटलेला नसतो. त्याने आपली पातळी ठरवून घेतलेली असते, आणि कारण असल्याशिवाय तो ती सोडत नाही.

ती पातळी तो कशावरून ठरवतो? अन्नाचं सांगून झालं. दुसरी गोष्ट प्राणवायू. तीस अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळू शकतो, वीस अंशांच्या पाण्यात नवाच्या थोडा वर. वरचं पाणी वाऱ्यामुळे आणि शेवाळामुळे भरत राहतं. तळाशी बुडालेल्या झाडझाडोऱ्याचं, शेणखताचं, गाळाचं कुजणं प्राणवायू खात राहतं. दोन्ही पाणी मिसळलं तर प्रश्न नाही, पण उन्हाने वरचा थर तापला की तो हलका होऊन वरच राहतो. इथे उष्ण प्रदेशाची एक खास गोष्ट आहे. चार अंशांचं पाणी पाच अंशांवर गेलं तर त्याची घनता नाममात्र बदलते. एकोणतीस अंशांचं तीस अंशांवर गेलं तर तीसहून अधिक पट बदलते. थंड देशातल्या सरोवरात पाच-सात अंशांच्या फरकाने जे थर पडतात, ते आपल्याकडे एक-दोन अंशांच्या फरकानेही पडू शकतात. मग तळाशी गारवा असूनही श्वास नाही आणि वर श्वास असूनही दुपारचं ऊन, अशा दोन अडचणींच्या मधल्या पट्ट्यात मासा येऊन थांबतो. काठाकडून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, तळाशी गळ सोडणाऱ्याला लागत नाही.

दख्खनच्या जलाशयांचा अभ्यास असलेला वाचक इथे मला थांबवेल, आणि त्याने थांबवावंच. आपली धरणं उथळ, वारा जोराचा. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचा वारा नाथसागरावर लाटा उठवतो तेव्हा थर कुठला टिकणार? दक्षिणेतल्या अनेक जलाशयांत उष्णतेचे थर कमकुवत असतात, काही काळच टिकतात, हे खरं आहे. म्हणून मी असं म्हणत नाही की बारा महिने अमुक मीटरवर एक भिंत उभी असते. माझं म्हणणं वेळेपुरतं आहे. वारा पडलेल्या पहाटेपासून दुपारपर्यंत थर जमतो, वाऱ्याने मोडतो, पुन्हा जमतो. सूक्ष्म प्राणीही रात्री वर येतात आणि दिवसा खाली उतरतात, त्यांच्यामागे मासा. पट्टा हलता आहे, पण पट्टा आहे. आणि वारा लागला तरी मुद्दा मोडत नाही. वारा प्लवकांचा वरचा थर ढकलत पलीकडच्या काठाला नेऊन साठवतो, आणि त्या दिवशी त्या काठावर गळाला झुंबड लागते. अनुभवी माणसं ‘वारा खाणारा काठ’ धरून बसतात ते उगाच नाही. पण त्या दिवशी काठाने मासा दिलेला नसतो, मधलं पाणीच काठाला आलेलं असतं.

हा सगळा विचार सर्वांत आवेशाने झाला तो अमेरिकेत, बास या माशाच्या नादाने. मोठ्या तोंडाचा बास हा मूळ उत्तर अमेरिकेचा शिकारी मासा. काठाजवळ खळगा करून तो अंडी घालतो, पिल्लं काठाच्या गवतात वाढतात, म्हणून तिथल्या गळवाल्यांनीही तो काठाचा मासा ठरवला. मोठमोठी धरणं झाली, त्यांत शॅड नावाच्या प्लवकभक्षी बारीक माशांचे थवे खुल्या पाण्यात फिरू लागले, आणि थोराड बास काठ सोडून त्या थव्यांखाली अधांतरी राहू लागले. तिथली माणसं वर्षानुवर्षं काठ झोडपत राहिली आणि मासे संपले म्हणाली. ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारी यंत्रं आली तेव्हा मासे मध्येच दिसले. गोष्ट आपलीच वाटावी अशी आहे. पण म्हणून बास इथे आणावा असं कुणी सुचवलं तर माझा ठाम विरोध आहे. जपानमध्ये 1925 साली आशी सरोवरात तो हौसेने सोडला गेला, पुढे बिवा सरोवरात पोचला. 2009 च्या जुलैत तिथे दहा किलोंवरचा बास पकडला गेला, 1932 पासून अबाधित असलेल्या जॉर्जियातल्या विक्रमाची त्याने बरोबरी केली, आणि जगभरच्या गळवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच बिवाच्या देशी माशांची अवस्था पाहून जपानला बास उपद्रवी परका जीव ठरवून त्याच्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. आपल्याकडे 1952 साली आलेल्या तिलापियाने, म्हणजे आपल्या चिलापीने, काय केलं ते कुठल्याही धरणावरच्या मच्छीमाराला विचारावं. बास तिथेच राहू दे. त्याच्यामुळे लागलेला शोध तेवढा घ्यावा.

दुसरा आक्षेप अस्सल गळवाल्यांचा: अधांतरी मासा दिसला तरी खात नाही. यात तथ्य एवढंच की तळाच्या माशासाठी घडवलेलं आमिष तो खात नाही. कटल्याला गांडूळ दाखवून काय उपयोग? तो चावतच नाही, तो पाणी ओढतो. त्याच्यापुढे ढग धरावा लागतो. शेंगदाण्याची पेंड, भाजलेला कोंडा, थोडा मैदा. गोळा इतपतच घट्ट मळायचा की पाण्यात पडताना फुटू नये आणि थांबल्यावर मिनिटामिनिटाला सुटत जावा. गोळ्याभोवती धुरकट ढग तयार होतो, कटला तो ढग ओढून घेतो आणि त्याबरोबर लहानसा गळ आत जातो. गोळा हव्या त्या खोलीवर थांबवण्याची युक्तीही साधी आहे. दोरीवर बारीक गाठ मारायची, गाठीखाली एक मणी, मण्याखाली मोकळं सरकणारं बूच. फेकताना बूच गळाजवळ असतं म्हणून अडत नाही. पाण्यात पडल्यावर वजन दोरी ओढत खाली जातं आणि गाठ मण्याला येऊन टेकली की थांबतं. गाठ हातभर वर-खाली केली की खोली हातभर बदलते. जपानमध्ये हेराबुना या कार्प कुळातल्या माशासाठी अशाच विरघळणाऱ्या गोळ्याची आणि नाजूक बुचाची एक सबंध कला उभी राहिली आहे, आणि तिच्यातल्या मधल्या पाण्याच्या प्रकाराला ते ‘चूझुरी’ म्हणतात. त्यातल्या ‘चू’चा अर्थ आकाश आणि जमीन यांच्या मधली जागा, म्हणजे आपलं अधांतर. तिथे तो शब्द कौशल्याचा आहे.

जपानपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. आपल्या धरणांवरचा भोई समाज हे ज्ञान रोज वापरतो, फक्त ते कुणी लिहून घेतलेलं नाही. नायलॉनचं कल्ल्यात अडकवणारं जाळं पाहा. वरच्या दोरीला थर्माकोलचे किंवा जुन्या चपलांचे कापलेले तुकडे, खालच्या दोरीला शिशाचे मणी नाहीतर खडे, टोकाला खूण म्हणून रिकामी बाटली. बाटली आणि जाळं यांच्यामध्ये किती हात दोरी सोडायची हा त्यातला खरा निर्णय. जाळं तळाला टेकवायचं, पृष्ठभागाला लावायचं की मध्ये टांगायचं, हे ऋतू, वारा आणि काल काय मिळालं यावरून ठरतं. पहाटे जाळं उपसताना मासा वरच्या ओळीत आहे की खालच्या, हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं, आणि दुसऱ्या रात्रीची दोरी त्यावरून मोजली जाते. जाळ्याची आस, म्हणजे छिद्र, किती इंची, मासा कोणता, ओळ कितवी, या तीन गोष्टी रोज वहीत मांडल्या तर एका वर्षात त्या धरणाचा उभा नकाशा तयार होईल. कुठल्याही यंत्रापेक्षा तो विश्वासाचा असेल, कारण जाळ्यात अडकलेल्या माशाच्या खोलीबद्दल शंका उरत नाही.

मधल्या पाण्यात जायचं तर होडी हवी, आणि इथला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो जिवाचा आहे. आपल्या धरणांवर लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दूर जातात. दुपारचा वारा उठला की नाथसागरासारख्या पाण्यावर तो तराफा म्हणजे कागद. जीवरक्षक जाकीट नसेल तर काठावरच बसावं, त्यात कमीपणा नाही. हक्काचाही प्रश्न आहे. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, बोटुकलीचा खर्च त्यांनी केलेला असतो. हौशी माणसाने परवानगी घेऊन, त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहून आणि शक्यतो त्यांचीच होडी भाड्याने घेऊन जावं. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथले नियम आणखी कडक. पण आम्ही देशावरची माणसं, होडीचं पाणी आमचं नव्हे, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. समुद्रापासून इतक्या दूर, फर्दापूरच्या डोंगरात, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या भिंतीवर पूर्ण-अवदान या बौद्ध कथेच्या चित्रात तीन शिडांचं जहाज रंगवलेलं आहे, जहाजावर पाण्याचे रांजणसुद्धा आहेत. चित्रकाराला खोल पाण्याची खबर होती.

ही चूक हौशी गळवाल्यांपुरती असती तर मी एवढं लिहिलं नसतं. जलाशयाचं सगळं नियोजन हेक्टरात चालतं: हेक्टरी किती बोटुकली सोडायची, हेक्टरी किती उत्पादन. व्ही. व्ही. सुगुणन यांनी 1995 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी (एफएओ) भारतातल्या जलाशयांच्या मत्स्यव्यवसायाचा आढावा घेतला, त्यात देशभरातले 31.5 लाख हेक्टर जलाशय आणि हेक्टरी सरासरी सुमारे 20 किलो उत्पादन अशी स्थिती होती. चांगल्या शेततळ्यात याच्या कित्येक पट मासा निघतो. फरकाला कारणं पुष्कळ आहेत, खाद्य, राखण, बीजाचा आकार. सगळा दोष खोलीच्या अज्ञानाला देणं अन्यायाचं होईल. पण हेक्टर हे जमिनीचं माप आहे. तेच 100 हेक्टर पाणी आश्विनात बारा मीटर खोल असतं आणि वैशाखात चार मीटर, तेव्हा कटल्याच्या वाट्याचा मजला आणि मृगळाच्या वाट्याचा मजला यांचं प्रमाण पार बदललेलं असतं. बीज मात्र एकाच ठरलेल्या प्रमाणात पडतं. धरणाकडे आपण बुडालेलं शेत म्हणून पाहतो. ज्यांची शेतं खरोखर बुडाली त्यांना तसं पाहण्याचा अधिकार आहे. माशाला तिथे शेत दिसत नाही.

म्हणून फर्दापूरहून वाघुरीच्या कडेने उतरणाऱ्याला, धरण जवळ आल्यावर काठावर सावली शोधण्याआधी एक काम करून पाहावं असं मी सुचवेन. कार्तिकात पाणी भरपूर असतं, गढूळपणा बसलेला असतो. परवानगीची होडी, जाकीट, आणि वीस हात सुतळी, हाताहातावर गाठ मारलेली. टोकाला वजन बांधलेली बाटली, तिच्या बुचाला दुसरी बारीक दोरी. बाटली हव्या त्या गाठीपर्यंत सोडायची, दोरीला हिसका देऊन बूच काढायचं, भरली की पटकन वर घ्यायची आणि आत तापमापक बुडवायचा. पहिल्या चार-पाच गाठींवर आकडा हलणार नाही. मग थर जमलेला असेल तर एखाद्या गाठीवर तो अर्धा-एक अंश खाली येईल, पुढच्या गाठीवर आणखी, आणि अगदी खालच्या बाटलीला कदाचित कुजकट वासही येईल. पहिल्यांदा आकडा हलला ती गाठ चिमटीत धरून ठेवावी. बहुतेक माशांना खालच्यापेक्षा वरचं चांगलं दिसतं, म्हणून बुचावरची गाठ त्या मापाच्याही हातभर कमी ठेवावी, आणि पेंडीचा गोळा तिथे सोडावा.